सतरा नंबरचा अँटेना

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्यासमोर घडलंय. गेल्या बुधवारी, भर दुपारी तीन वाजता, आमच्या कंट्रोल रूममध्ये.

माझं काम उपग्रहांना रेडिओ चॅनल वाटून देणं. वर हजारो उपग्रह, चॅनल मोजकीच. शेजारच्या दोघांना एकच मिळालं की दोघांचेही संदेश बोंबलले! म्हणून आलटून पालटून द्यायची. चॅनल मोकळं दिसलं की कॉम्प्युटर ते एखाद्या उपग्रहाला देतो आणि खालचा अँटेना त्या उपग्रहाकडे वळतो.

म्हणून दुरुस्तीला अँटेनावर माणूस चढला की त्या अँटेनाच्या चॅनलवर 'बंद'ची खूण करायची, म्हणजे तो वळत नाही. माणूस उतरेपर्यंत ती काढायची नाही.

गेल्या वर्षी मी ती काढली होती.

वर उपग्रहांची गर्दी झाली होती, साहेब डोकं खात होते. म्हटलं, दोन मिनिटांनी काय होतंय! सतरा नंबरच्या अँटेनावर आमचे मिस्त्रीकाका दुरुस्ती करत होते. अँटेना वळवणारं दातेरी चाक त्यांच्या छातीवरून फिरलं. हेडफोनमध्ये मी त्यांच्या बरगड्या मोडताना ऐकल्या. काका जागीच गेले.

चौकशीत सांगितलं, कॉम्प्युटरची चूक. सगळ्यांना पटलं.

बुधवारी त्याच अँटेनावर दुरुस्तीला माझा धाकटा भाऊ चढला, तोही इथेच कामाला. खूण मी स्वतः केली. तीनदा तपासली.

"दादा, दहा मिनिटांत उतरतो. चहा सांगून ठेव," तो हेडफोनमध्ये म्हणाला.

मग त्याच्या मागे... दुसरा श्वास.

ओला. घरघरणारा.

"तुझ्याबरोबर कोण आहे रे?"

"कोणी नाही. का?"

स्क्रीनवरची खूण... गेली.

माझे दोन्ही हात मांडीवर होते! मी खूण परत केली. गेली. परत केली... गेली.

"उतर! उडी मार!"

अँटेना वळला.

भावाची किंकाळी. आणि तिच्यावर काकांचा आवाज, अगदी शांत...

"ऐक."

सगळं थांबवणारं लाल बटण दाबलं, काही होईना. भिंतीवरची कुऱ्हाड काढून बाहेर धावलो आणि अँटेनाच्या विजेच्या केबलवर घाव घालत सुटलो. चाक थांबलं तेव्हा भावाचा हात कोपरापर्यंत दात्यांत गेला होता. हाड, मांस, बाहीचं कापड, सगळ्याचा लगदा. रक्त माझ्या तोंडावर उडत होतं.

भाऊ वाचला. हात गेला.

या वेळी चौकशीत मी खरं सांगितलं. खूण मी काढली नाही. पण कॉम्प्युटरमध्ये नोंद माझ्याच नावाची निघाली.

हॉस्पिटलमध्ये भावाला सगळं सांगून टाकलं, गेल्या वर्षीचंही. त्यानं माझ्या हातांकडे बघितलं.

"दादा, तेव्हा तूच होतास. मग आता दुसरं कोण असणार?"

खरं सांगू? आता माझीही खात्री नाही.