नादमहर्षींचा वारा

"ऐक! झाडाचं पान हलत नाहीये, आणि शेजारच्या काकाच्या घरात विंडचाइम वाजतोय!" कानसेन कुंपणावरून खाली उतरत म्हणाली. तिच्या तिखट कानांमुळे तिला हे नाव पडलं होतं.

"वाजू दे की!" तिचा मित्र ढब्ब्या म्हणाला. "नादमहर्षी आहे ना तो! फुंकर मारत असेल!"

शेजारच्या काकांनी 'नादमहर्षी' ही पदवी स्वतःच स्वतःला दिली होती. दुसरं कोण देणार! रुग्णालयाच्या बागेत वाजवायला संथ, शांत संगीत हवं होतं. अट एकच: ते उघड्यावर, वाऱ्याने वाजणाऱ्या विंडचाइमच्या ध्वनिमुद्रणातून रचायचं. कानसेनची ताई सुट्टीभर गच्चीवर माइक लावून वाऱ्याची वाट बघत होती. वारा आला की नेमका कुत्रा भुंके! तिची ही पहिलीच रचना. आणि काल, स्वतःही रचना देणारे महर्षी तिच्या तोंडावर म्हणाले, "हे पोराटोरांचं काम नाही. वारा माझं ऐकतो!" ताई न जेवताच झोपली.

"वारा ऐकतो म्हणे! घरचं मांजर तरी ऐकतं का याचं?" कानसेन फणकारली.

दोघं खिडकीच्या फटीतून डोकावली. आत कपडे वाळत घालायच्या दोरीला विंडचाइम टांगलेला, समोर मान फिरवणारा टेबलफॅन, बाजूला माइक, आणि महर्षी कानात कापूस घालून वर्तमानपत्र वाचत बसलेले!

"शी! स्वतःचं संगीत यालाच ऐकवत नाही!" ढब्ब्या म्हणाला. "चल, सगळ्यांना सांगू!"

"आपलं कोण ऐकणार? म्हणतील, पोरं चहाड्या करतात. थांब, त्याच्या पंख्यालाच बोलू दे."

दुसऱ्या दिवशी रुग्णालयाच्या सभागृहात महर्षींची रचना सुरू झाली. खाली एक लांबलचक सूर आणि वर किण... किण... पुढच्या रांगेतली मोठी माणसं डोळे मिटून माना डोलावू लागली. कळत कोणालाच नव्हतं, पण पुढची रांग मिळाली की डोलावंच लागतं!

कानसेन बोट उंचावून उभी राहिली. "आता!"

किण!

"आता!"

किण!

"काय चाललंय हे?" मुख्य डॉक्टरबाई कडाडल्या.

कानसेन म्हणाली, "डॉक्टरबाई, वारा कधी येणार हे आधी कळतं का कोणाला? हा वारा मान फिरवून बरोब्बर वेळेवर परत येतो. हा टेबलफॅन आहे!"

डॉक्टरबाईंनी कान देऊन ऐकलं. मग हळूच स्वतःचं बोट वर केलं. किण! सभागृह खो खो हसलं.

"त्या दिवशी वारा... जरा शिस्तीत होता!" महर्षी चाचरले. पितळ उघडं पडलं ते पडलंच!

मग ताईची रचना लागली. आधी लांब शांतता, मग एक झुळूक, मध्येच दूरवर भुंकणारा कुत्राही. कोणी डोललं नाही, सगळे ऐकत राहिले.

"हेच बागेत वाजेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग कानसेनच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "आम्ही मोठी माणसं नुसती डोलत होतो गं. ऐकत होतीस ती तू!"

ताईची रचना अजून वाजतच होती. ढब्ब्याला राहवेना. त्याने बोट वर केलं. "आता!"

कुठलं काय!

"बरं... आता?"

काहीच नाही. त्याने वैतागून बोट खाली घेतलं, आणि किणकिणाट सुरू झाला. परवापासून हिरमुसलेली ताई खळखळून हसली.