नाताळची बिअर अजून मुरायची आहे

*माल्टचं पाणी तासभर उकळावं. शेवटी दालचिनी, लवंग, आलं, संत्र्याची साल.*

कृती एवढ्यावर संपली असती तर किती बरं झालं असतं! पण त्या ऑगस्टमध्ये मी धुण्याची टोपली घेऊन तळघरात उतरले आणि एका भल्यामोठ्या पातेल्यामागून कुणीतरी ओरडलं,

"दार लाव!"

"नमस्कार तुलाही."

"सॉरी... माशा येतात. मी कॅस्पर. तळमजल्यावरचा."

"लोटी. वरची. माझ्या चादरींना आता लवंगेचा वास लागणार."

"छान असतो तो," तो म्हणाला. अगदी गंभीरपणे!

मिलवॉकी म्हणजे बिअरचंच शहर; इथे तळघरात बिअर करणाऱ्या माणसाचं कुणाला नवल वाटत नाही. मला राग आला, एवढंच. आणि त्या रात्री चादर नाकापर्यंत ओढून घेताना... जाऊ दे.

*निवल्यावर यीस्ट घालावं. बुडबुडे थांबेपर्यंत हात लावू नये.*

हात न लावणं त्याला फारच छान जमायचं.

*बाटल्या भरण्याआधी साखरेचा पाक मिसळावा. बंद बाटलीत तोच फेस आणतो.*

त्या दिवशी त्याने मला मदतीला बोलावलं. मी नळी धरली, तो बुचं दाबत होता. नळी निसटली आणि बिअर थेट माझ्या केसांवर! तो पुसायला वाकला... आणि तसाच थांबला. त्याच्या मिशीला लागलेली दालचिनीची पूड मला दिसत होती.

"काय?" मी विचारलं.

"काही नाही. बूच."

बूच!

*मुरू द्यावी.*

दर रविवारी मी खाली जायचे. "झाली?"

"अजून मुरायची आहे."

हॅलोवीन गेला. "झाली?" "अजून..." थँक्सगिव्हिंगची टर्की खाऊन संपली. "अजून..."

घरमालकीण झुराव्स्कीबाई जिन्यातून म्हणाल्या, "पोरी, माझी बरणीतली कोबी दोनदा आंबून संपली. तुमचं दोघांचं चाललंय काय?"

काय सांगणार, कपाळ?

शेवटी मीच त्याला म्हणाले, "तिकडे दूर वाळवंटात, टूसॉनला नोकरी मिळतेय. नाताळच्या आदल्या दिवशी उत्तर द्यायचंय."

तो एक बाटली पुसत होता. पुसतच राहिला. "तिकडे... ऊन छान असतं."

उन्हाने माझ्या अंगावर पुरळ उठतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. एक शब्द हवा होता मला. *थांब.* तेवढ्यासाठी चार महिने मी त्याचे जिने झिजवत होते, आणि हा ऊन सांगतोय!

*मग उघडावी.*

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी मी फोनवर 'हो' लिहिलं आणि न पाठवता खाली गेले. बाहेर बर्फ पडत होतं. भिंतीवरचा ओपनर मी ओढून घेतला.

"लोटी, नको—"

बूच निघालं. फस्स नाही, काही नाही. ग्लासात ओतली, तर गार झालेल्या काळ्या चहासारखी निपचित.

"कॅस्पर, हिला फेसच नाही!"

"पाक..." तो जमिनीकडे बघत म्हणाला. "शेगडीवरच राहिला. तुझ्या केसांवर ती सांडली ना... त्यानंतर मला काही सुचलंच नाही. तू गेल्यावर पातेलं दिसलं."

"म्हणजे तुला तेव्हापासून माहीत होतं?"

"हो."

"दुरुस्त होतं हे?"

"होतं. बूच काढायचं, चिमूटभर साखर घालायची, नवं बूच लावायचं."

"मग केलं का नाहीस, गाढवा?"

"झाली म्हटलं असतं, तर तू रविवारी कशाला आली असतीस?"

मला हसावं की ओपनर फेकून मारावा, कळेना.

"आणि टूसॉन?"

"तुझी नोकरी. मी कोण अडवणारा?"

"तेच तर विचारतेय, तू कोण!"

"थांब," तो म्हणाला. मग जरा मोठ्याने, "लोटी, जाऊ नकोस. मला तू आवडतेस... त्या चादरींपासून."

"एवढंच बोलायचं होतं? एवढंच?"

"मुरत होतं..."

पुढचं त्याला बोलू दिलं नाही मी. त्याच्या ओठांना संत्र्याच्या सालीची चव होती. म्हणजे स्वारी गुपचूप बाटल्या उघडून बघत होती!

फोनवरचं 'हो' मी पुसलं, 'नाही' लिहिलं आणि पाठवून दिलं. मग पालथ्या बादलीवर बसून पुढच्या बाटलीचं बूच काढलं.

"साखर आण."

तो दोन-दोन पायऱ्या चढत धावला. त्याने उघडंच टाकलेल्या अंगणाच्या दारातून बर्फाचा झोत आत आला.

"दार लाव!" मी ओरडले.