घंटी थांबवायची नाही

ही गोष्ट घडलेली आहे. विश्वास ठेवा की नका ठेवू, माझं काही अडत नाही.

उदाराम हा माझ्या वडिलांचा मामा. मरायच्या आदल्या उन्हाळ्यात त्यानं हे सगळं वडिलांना सांगितलं, आणि सांगताना एकदाही त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही. गाव तिरोड्याकडून नागझिऱ्याच्या जंगलाकडे जाताना लागतं. नाव सांगणार नाही, कारण धुरपताची माणसं अजून तिथे राहतात.

साल १९५३. पौषातली अमावास्या.

धान घरात आलं होतं. रिकाम्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, लाखोळीचं कडधान्य हिरवंगार उभं होतं आणि ते खायला जंगलातून ससे उतरायचे.

तेव्हा ससा मारायची एक जुनी रीत होती. बंदूक नाही, कुत्रा नाही. एक मडकं घ्यायचं, त्याची एक बाजू फोडायची, आत टोरीच्या, म्हणजे मोहाच्या बियांच्या, तेलाचा दिवा ठेवायचा आणि मडकं डोक्यावर घ्यायचं. उजेड फक्त समोर पडतो, मागचा माणूस अंधारात राहतो. हातात बैलाच्या गळ्यातली घंटी. ती एका लयीत वाजवत चालायचं.

ससा घंटी ऐकतो. उजेडाकडे बघतो. आणि जागच्या जागी बसतो... पळतच नाही.

मग दुसरा माणूस अंधारातून वळसा घालून मागून काठी हाणतो.

म्हातारे सांगायचे, ससा मूळचा चंद्रावरचा. अमावास्येला त्याला आपलं घर दिसत नाही. म्हणून जमिनीवर उजेड दिसला की त्याला वाटतं, घरच न्यायला आलं. ऐकून वाईट वाटायचं, पण रस्सा चापून खाल्ला जायचा.

नियम एकच होता. काठी पडेपर्यंत घंटी थांबवायची नाही. थांबली की ससा भानावर येतो आणि पसार होतो.

त्या रात्री मडकं आणि घंटी उदारामकडे होती. काठी बकारामकडे. दोघं लहानपणापासूनचे जोडीदार, एकाच ताटात जेवलेले. घंटीही बकारामचीच, त्याच्या मेलेल्या बैलाची.

गावाबाहेरच्या बांधीत त्यांना ससा दिसला. एवढा मोठा ससा उदारामनं जन्मात पाहिला नव्हता. मागच्या पायांवर बसलेला, कान ताठ, डोळ्यांत दोन निखारे. बकाराम डावीकडे अंधारात शिरला.

डावीकडे जुनी विहीर होती. कठडा नसलेली.

दोघांनाही ती ठाऊक होती. पण इतका वेळ उजेडाकडे बघून बकारामच्या डोळ्यांपुढे अंधारी आली असणार.

उदाराम घंटी वाजवत राहिला.

आणि मग... माती घसरल्याचा आवाज आला.

नंतर हाक आली. "उदाराम..."

त्यानं ती ऐकली. हे नीट लक्षात ठेवा. त्यानं हाक ऐकली, ओळखली, आणि ती कुठून आली तेही त्याला कळलं.

पण ससा समोर बसला होता. दुसऱ्या दिवशी घरी जावई यायचा होता. बकाराम पट्टीचा पोहणारा, चढून येईल, असं उदारामला वाटलं. किंवा वाटून घेतलं.

घंटी चालूच राहिली.

"उदाराम..."

या वेळी हाक बारीक होती. त्यानंतर आलीच नाही.

काठी पडली नाही. थोड्या वेळानं ससाच उठला आणि घाई न करता अंधारात निघून गेला. घंटी वाजत असताना गेला. असं कधी होत नाही.

सकाळी बकारामला बाहेर काढलं. विहिरीच्या आतल्या मातीवर बोटांचे लांब ओरखडे होते. ते सगळ्या गावानं पाहिले. माणूस बराच वेळ लटकून होता.

धुरपता, म्हणजे बकारामची बायको, रडली नाही. तिनं उदारामला एकच विचारलं.

"भाऊजी, त्यानं हाक मारली होती का जी?"

"नाई वो वैनी," उदाराम म्हणाला. "घंटीच्या आवाजात मले काईच आयकू नाई आलं."

ती वळून आत गेली.

तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी उदाराम बंडी जुंपून धान भरडायला निघाला. चालता चालता त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. बैलांच्या माना हलत होत्या. गळ्यातल्या घंट्या हलत होत्या. पण घंट्यांचा आवाज येत नव्हता.

त्या जागी दुसराच आवाज येत होता...

"उदाराम... उदाराम... उदाराम..."

त्यानं घंट्या काढून फेकल्या, तेव्हा हाक थांबली. पण घंट्या काय फक्त बैलांच्याच असतात? देवळात कोणी घंटा वाजवली की हाक. शाळा सुटली की हाक. शेजारची बकरी गळ्यातली घुंगरं वाजवत गेली तरी हाक. बाकीच्यांना घंटी ऐकू यायची. त्याला घंटी कधीच ऐकू आली नाही.

घंटीमुळे ऐकू आलं नाही, असं तो म्हणाला होता. आता त्याला तेवढंच ऐकू यायचं.

आणखी एक गोष्ट झाली. शिवारातले ससे गेले. लाखोळी उभीच होती, पण तिचं एक पानही कुरतडलेलं दिसेना. लेंडी नाही, पाऊलवाट नाही. शिकारी रात्ररात्र फिरून हात हलवत परत यायचे.

उदारामचं अन्न तुटलं. अपराध माणसाला आतून खातो, तो बाहेरून दिसायला वेळ लागतो. चैतापर्यंत तो दिसायला लागला. शेवटी एका सकाळी तो बकारामची घंटी घेऊन धुरपताकडे गेला. आत चिंधी कोंबली होती.

ती अंगणात मोहफुलं वाळू घालत होती.

"माह्या मालकाची घंटी," ती म्हणाली. "आज कायले आनली?"

उदारामनं घंटी तिच्यासमोर ठेवली.

"वैनी, त्यानं हाक मारली होती."

"मले मालूम आहे."

त्यानं मान वर केली.

"त्या रातच्यानं मी दारातच बसून होतो," ती फुलं पसरत म्हणाली. "घंटी आयकत होतो. एका सशाले इतका वेळ लागत नाई, भाऊजी. शिकाऱ्याची बायको आहो मी. म्हनून तं तुमाले विचारलं."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. उदारामनं मग सगळंच सांगून टाकलं. घंट्यांचंही.

ते ऐकून धुरपताचा हात थांबला. तिचा चेहरा एकदम उजळला. उदाराम वडिलांना म्हणाला, त्या चेहऱ्याची मला विहिरीपेक्षा जास्त भीती वाटली.

"अजून आयकू येते तुमाले? त्याचा आवाज?"

"हाव."

तिनं चिंधी ओढून काढली आणि घंटी हलवली.

"आता काय म्हनते?"

"उदाराम..." आवाज म्हणाला. अगदी कानाशी.

तिनं पुन्हा हलवली. "आता? माहं नाव घेते का जी?"

एकदाही घेतलं नव्हतं. इतक्या दिवसांत एकदाही नाही. उदारामला ते सांगता आलं असतं. पण समोर ती ओंजळीत घंटी धरून बसली होती, आणि तिचं जे गेलं होतं ते याच्यामुळे गेलं होतं. तेवढं तरी आपण देऊ, असं त्याला वाटलं.

"घेते," तो म्हणाला. "धुरपता, धुरपता म्हनते."

ती हसली.

"म्हंजे बलावून राहिला."

"नाई, तसं नाई वैनी..."

पण ती ऐकत नव्हती. घंटी पदरात घेऊन ती आत गेली.

पुढची अमावास्या. दिवेलागणीची वेळ. उदाराम अंगणात खाटेवर पडला होता. शेजारचा केशोराव कुंपणापाशी येऊन थांबला.

"कोन घंटी वाजवून राहिला गा बांधीत? ससे तं कवाचेच गेले."

उदारामला घंटी ऐकू येत नव्हती.

त्याला बकारामचा आवाज ऐकू येत होता. पण या वेळी नाव दुसरं होतं...

"धुरपता... धुरपता... धुरपता..."

या वेळी तो धावला. जीव खाऊन धावला, अनवाणी, बांधांवर ठेचाळत. वाटेत आवाज थांबला.

विहिरीच्या काठावर मडकं ठेवलेलं होतं. आत दिवा जळत होता. बाजूला घंटी पडली होती.

आणि विहिरीभोवती...

ससे बसले होते. शिवारातले सगळे ससे. मागच्या पायांवर, कान ताठ, खाली विहिरीत बघत.

उदाराम ओरडला. एकही ससा हलला नाही. त्यानं धुरपताला हाका मारल्या, पुन्हा पुन्हा मारल्या, आणि खालून काहीच आलं नाही. मग ससे एकेक करून उठले आणि घाई न करता जंगलाकडे निघून गेले.

गावकऱ्यांनी गळ टाकले. उन्हाळ्याचं कमी पाणी, तेही उपसून काढलं. विहिरीत धुरपता नव्हती. लुगड्याची चिंधी नाही, बांगडीचा तुकडा नाही. तिची पावलं काठापर्यंत होती, परतीची नव्हती.

पाटलानं उदारामला विचारलं, "तुले कसं समजलं गा, धुरपता इथं आहे म्हनून?"

उदाराम खाली बघत म्हणाला, "घंटी आयकू आली."

अख्ख्या गावात त्या संध्याकाळी घंटी न ऐकलेला तो एकटाच होता.

ती विहीर पुढे बुजवली. आता तिथे धान पिकतं, चांगलं पिकतं. मी त्या बांधावरून सायकलनं जातो, दिवसाउजेडीच जातो. समोर कोणी आलं तर खाली उतरतो, बाजूला होतो. पण त्या टापूत घंटी वाजवायला अजून माझा अंगठा उचलत नाही.