नऊ मोकळ्या जागा

चैत्र संपत आला होता आणि पिंप्राळ्यात सकाळी दहालाच डांबर चपलेला चिकटत होतं. दिपमालाने कूलरमध्ये पाणी ओतलं, भाजी झाकून ठेवली आणि मुलाने पुण्याला जाताना टाकून दिलेला लॅपटॉप ओट्याशेजारच्या टेबलावर उघडला. कणीक मळता मळता मोबाईलवरचे व्हिडिओ बघून ती सत्तेचाळिसाव्या वर्षी पायथन ही संगणकाची भाषा शिकली होती. नवरा नवल चारचौघांत सांगायचा, आमच्या घरात अजगर पाळलाय, दूध मात्र मलाच आणावं लागतं.

हातातलं काम सोनगीरच्या पंडित आबांचं होतं. आबा नवलचे चुलते. त्यांना भाऊबंदांची सूची छापायची होती आणि मागच्या पानांवर घरनिहाय वारलेल्यांची नावं हवी होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भरताना प्रत्येक पितराचं नाव घेऊन उंबऱ्यावर कुंकवाचं एकेक बोट लावतात. शहरातल्या पोरांना आजोबाच्या पलीकडचं नाव येत नाही, मग ती बोटं कुणाची लावणार, असं आबांचं म्हणणं. आखाजीच्या आदल्या दुपारी छापखान्यात फाईल गेली नाही तर सूची पुढच्या वर्षावर जाणार होती. आबांना आता पुढच्या वर्षाचा भरवसा वाटत नव्हता.

आबांची सगळी वही दिपमालाने स्वतः टाईप केली होती. नाव, कॉमा, घराचा नंबर. प्रोग्रामने प्रत्येक ओळ कॉमाशी तोडायची, कडेच्या मोकळ्या जागा काढायच्या आणि ‘कै.’ने सुरू होणारी नावं त्या त्या घराखाली लावायची. एवढंच. एक्केचाळीस घरांपैकी चाळीस बरोबर आली. चुकलं ते तिचं स्वतःचं. वहीत चार नावं होती : वना, बेबाबाई, दगडू, भिकुबाई. पडद्यावर पाच. पाचव्या जागी दोन अवतरणचिन्हं आणि मधे काही नाही.

रिकामी स्ट्रिंग. म्हणजे दोरा आहे, मणी नाहीत. शेवटी एखादा कॉमा जास्त पडला की असं होतं, हे तिला ठाऊक होतं. तिने कॉमा तपासले. जास्तीचा कुठेच नव्हता. मग तिने अट घातली, लांबी शून्य असेल तर सोडून दे. पुन्हा चालवलं. पुन्हा पाच. फक्त आता लांबी एक होती. एक मोकळी जागा.

दुसऱ्या दिवशी दोन.

ती मोकळ्या जागा छाटायची, ती पुसायची, ती फाईल बंद करून नव्या फाईलमध्ये चारही ओळी नव्याने लिहायची. तिसऱ्या दिवशी तीन, चौथ्या दिवशी चार. दिवसात कितीही वेळा चालवा, त्या दिवशी तेवढ्याच. पाचव्या दिवशी वैतागून तिने चारही नावं शेजारच्या घराच्या नंबरावर टाकून पाहिली. चौघं मुकाट्याने तिकडे गेली. तिच्या घराखाली ती एक कोरी ओळ तेवढी एकटी उरली.

दिपमालाने घाईघाईने चौघांना परत आणलं.

“कोऱ्या जागेशी काय भांडतेस?” नवल ताटावरून म्हणाला. “माझ्याशी भांड. मी निदान उत्तर तरी देतो.”

सहाव्या दिवशी तिने आबांना फोन केला. आपल्या घरचं कुणी वहीत लिहायचं राहिलंय का, असं विचारलं. आबांच्या मागे कुठेतरी बकरी ओरडत होती.

“आपला घरना चारच शेत, माय. बठ्ठा मोजी लिधा मी,” ते म्हणाले. मग हलक्या आवाजात, “ज्यानं नाव ठेवं नही, त्यानं बोट लावतस नही.”

चारच आहेत, सगळे मोजले; आणि ज्याचं नावच ठेवलं नाही, त्याचं बोट लावत नाहीत. दिपमालाने फोन ठेवला.

नवव्या दिवशी, आखाजीच्या आदल्या दिवशी, नऊ झाल्या. त्या दिवशी छापखान्याचे फोन सुरू झाले. तिने अकरा वेळा चालवलं. नऊ. मग, का कोण जाणे, तिने लॅपटॉपची तारीख एक दिवस पुढे सरकवली. नऊ. आणखी एक दिवस. नऊच.

तिचे हात मांडीवर आले.

बावीस वर्षांपूर्वी, धुळ्याला, तिची मुलगी नऊच दिवस जगली होती. बाराव्या दिवसाच्या बारशाचा पाळणा सांगून ठेवला होता, तो नवलने परत पाठवला. गल्लीतल्या प्रत्येक बाईकडे एकेक नाव तयार होतं. दिपमालाकडेही होतं, ते तिने पाळण्यात घालेपर्यंत कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. नंतर सांगण्यासारखं काही उरलं नाही. घरात तो विषय पुन्हा निघाला नाही.

फोन पुन्हा वाजला.

तिने तयार फाईल उघडली. कर्सर त्या कोऱ्या ओळीच्या शेवटी नेला आणि बॅकस्पेस दाबली. एकदा. दोनदा. नवव्या वेळी ओळ गेली. घर चौघांचं झालं. तिने फाईल पाठवली, लॅपटॉप मिटला आणि सांजोऱ्यांचं सारण भाजायला घेतलं. ते करपलं.

आखाजीच्या सकाळी घागर भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं. उंबरा धुऊन दिपमाला बाहेरच्या अंगाला बसली. मोठ्याने चार नावं घेतली, चार बोटं लावली. मग सांजोऱ्या आणायला आत गेली.

परत आली तेव्हा नवल पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्याशी उभा होता.

“पाच का लावलीस?”

“चारच लावलीत.”

त्याने खाली बोट दाखवलं.

चार बोटं बाहेरच्या अंगाला होती, एका रांगेत. पाचवं आतल्या अंगाला होतं. अगदी खाली, फरशीला टेकून, ज्वारीच्या दाण्याएवढं.

नवल हळूच खाली बसला. तिच्याकडे न बघता म्हणाला, “तू तिचं नाव काय ठरवलं होतंस?”

दिपमालाने आपला हात पाहिला. बोटावरचं कुंकू कधीच वाळून गेलं होतं. उंबऱ्यावरची चारही बोटं वाळली होती.

ते पाचवं अजून ओलं होतं.