आमची भरती उशिरा लागते

माणूस कमरेपर्यंत चिखलात रुतला होता, आणि तरी दोन्ही हात वर धरून एक काळी दुर्बीण सांभाळत होता... तेव्हाच मला कळायला हवं होतं, की हा माणूस सोपा नाही.

पौष सरत आला होता. चवथीची ओहोटी. बोनकोड्यात माझं तीन माळ्यांचं घर आहे, घरात सून आहे, पण निवट्या मी अजून माझ्या हातानेच धरते. खाडीच्या चिखलात बिळात हात घालून तो वळवळता मासा बाहेर काढायचा, हे कुणाला शिकवून येत नाही. त्या दिवशी टोपली अर्धी भरली होती, पाणी वळायला लागलं होतं, आणि समोर हा.

"मावशी... जरा हात देता का?"

मी होते तिथेच थांबले.

"मावशी कोनाला बोलता? तुमचं केस माज्यापरीस पांढरं हायेत."

"चुकलं. मग काय म्हणू?"

"आदी भायेर या, मंग काय बोलायचं ते बोला. पानी येतंय मागनं."

त्याने मान वळवली आणि त्याचं हसू गेलं. खाडीचं पाणी चिखलावरून येतं तेव्हा आवाज करत नाही. झोपलेल्या माणसावर कुणी चादर ओढावी तसं येतं. तो धडपडायला लागला, आणि जितका धडपडला तितका खाली गेला.

"पाय ओढू नका." चिखलात बसायला आणलेली माझी फळी मी त्याच्यापुढे सरकवली. "छाती टाका फळीवर. निजल्यासारकी."

"ही दुर्बीण आधी घ्या."

"दुर्बीण घेऊन काय करू? तुमच्या बायकोला नेऊन देऊ, नवऱ्याच्या बदली?"

"बायको नाही... सहा वर्षं झाली."

मी दुर्बीण घेतली, गळ्यात घातली. मग त्याचं मनगट धरलं.

तीनदा ओढलं. तिसऱ्यांदा पाणी माझ्या गुडघ्याला लागलं होतं आणि मनात आलं, आता हात सोडावा लागणार. सोडला नाही. तिवरांमधून बांधावर आलो तेव्हा दोघंही मातीने माखलेली. त्याचा एक बूट खाडीतच राहिला. एका अनवाणी पायाने बसून तो परत चिखलाकडेच बघत होता.

"आता काय, बूट बोलवताय?"

"बूट नाही. तिथं एक तुतवार पक्षी होता. तुमच्या आवाजानं उडाला."

मला हसू आलं. माझ्या मुलाचा, मितेशचा, बाप जाऊन नऊ वर्षं झाली होती. परक्या माणसासमोर हसायची मी सवयच मोडली होती. लगेच तोंड मिटलं. पण त्याने बघितलं होतं.

नाव हौसेराव. कराडकडचे. रबाळ्याच्या एका कारखान्यात तेहतीस वर्षं फिटर, मागच्या वर्षी रिटायर. घणसोलीत भाड्याची खोली, आणि रोज सकाळी आमच्या बांधाआतल्या तळ्यावर पाखरं मोजायची. हे सगळं त्यांनी न विचारता सांगितलं. मी फक्त एवढंच सांगितलं, की मला सगुणा म्हणतात.

पाच दिवसांनी मी पुन्हा त्या बाजूला गेले. निवट्यांसाठीच गेले होते. हौसेराव बांधावर तोंड पाडून बसले होते.

"काल फोननं भरती दाखवली म्हणून आलो. दुपारपर्यंत बसलो. एक फ्लेमिंगो तळ्यावर येईल तर शपथ."

"काल अष्टमी होती. भांगाची भरती. भांगाला चिखल पुरता बुडत नाय. पाखराला खाडीतच खायाला भेटतंय, तर ती तुमचं तोंड बघायला तळ्यावर येतील?"

"आणि उधाणाला?"

"पुनवेला, अवसेला चिखल बुडतो. मंग सगळी तळ्यावर. आनि तो फोन ठेवा खिशात. तो मुंबईच्या बंदराचं पानी सांगतो. ते पानी चढत चढत आमच्याकडं यायला आजून अर्धा-पाऊन तास घेतो."

"मग मी वेळ बघू कुठं?"

"जेटीवर. तिसरी पायरी बुडली का भरती. त्याच्या आदी मी भरती मानत नाय."

त्यांनी वही काढली आणि लिहिलं. मी चौथीपर्यंत शिकले, पण माझं नाव मला वाचता येतं. लिहिलं होतं, 'सगुणाबाईंची पायरी – तिसरी.'

"माजं नाव कशाला घातलं?"

"ज्यानं सांगितलं त्याचं नाव लिहायचं असतं. नियम आहे."

"कोनाचा नियम?"

"माझा." आणि वही मिटून खिशात टाकली, वरच्या, शर्टाच्या खिशात.

मग मी जायला लागले. कधी निवट्या, कधी तिवराची काटकी, कधी नुसतंच... घरी कारण मी सांगायची आणि सून, जागृती, "बरं आई" म्हणायची. एका सकाळी त्यांनी बोट ओठावर ठेवलं आणि तिवरांखाली उभा कोल्हा दाखवला. आमच्याच खाडीतला कोल्हा, मी जन्मात बघितला नव्हता. तो गेला तरी त्यांनी ओठावरचं बोट काढलं नाही, आणि मीही बोलले नाही. मी गप्प बसते हे गावात कुणाला सांगून पटणार नाही.

पौषातली अवस आली. त्या दिवशी पाखरांनी तळं भरून गेलं. हौसेरावांनी दुर्बीण शर्टाच्या टोकाने पुसली, आधी स्वतःच्या डोळ्याला लावून बघितली, मग माझ्यापुढे धरली. पट्टा त्यांच्याच गळ्यात होता. मला जवळ सरकावं लागलं.

"पट्टा काडा की गल्यातला."

"निघत नाही. गाठ बसलीय."

गाठ कसली, बकल होतं. मला दिसत होतं. तरी मी जवळ सरकले.

लाल पाखरं एवढी जवळ आली की मी हात पुढे केला. वाकड्या चोची, पिवळे डोळे, पंख उघडले की आतून कुंकवाचा रंग. मी दुर्बीण हळूहळू फिरवली... पाखरं, पाखरं, पलीकडचा बांध, एक स्कूटर, आणि स्कूटरवर माझा मुलगा.

मितेश एवढा जवळ दिसला की त्याच्या कपाळावरची शीर मोजता आली असती. तो आमच्याकडेच बघत होता.

मी दुर्बीण खाली केली. हौसेराव म्हणाले, "काय दिसलं?"

"घर," मी म्हटलं, आणि निघाले.

मितेश तळोज्याला कारखान्यात आहे. त्या आठवड्यात त्याची दुसरी पाळी होती, म्हणून सकाळचा घरी. मी आले तेव्हा तो ताटावर बसला होता पण जेवत नव्हता.

"आये, तो मानूस कोन?"

"पाखरं मोजतो."

"आनि तू काय मोजतेस?"

माझ्या घरात माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"नीट बोल."

"नीटच बोलतो. दीड महिन्यावर शिमगा हाय. होळीपुढं अख्खा गाव नावं घेऊन बोंबा मारतो, तुला म्हायती हाय. मागच्या साली कोनाकोनाची नावं घेतली ते तू पन हसून ऐकलंस. या साली तुजं नाव घेतील. मी तिते कसा उभा ऱ्हाऊ? मला त्याचंच टेन्शन हाय, दुसरं काय नाय."

मी खरंच हसले होते. आमच्या होळीला पहिला नारळ माझ्या हातून पडतो. ज्या बाईचं नाव बोंबेत येतं, तिने पुढे होऊन नारळ टाकलेला मी कधी बघितला नाही.

मी बांधावर जाणं बंद केलं. एक दिवस, दोन दिवस... बारा दिवस. फोन नंबर होता, पण मी फोन करणारी बाई नाही. जागृतीने निवट्या बाजारातून आणल्या. मी त्यात मीठ जास्त आहे म्हटलं. नव्हतं.

माघाच्या द्वादशीला संध्याकाळी दारात हौसेराव. मितेश कामावर. जागृती मागे कणीक मळत होती, तिचे हात थांबले ते मला न बघताच कळलं.

ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"भाऊ गावाकडं बोलावतोय. एकट्यानं इथं राहून काय करतोस म्हणतो. मला त्याला उत्तर देता येईना. पुनवेला दोनची गाडी आहे." त्यांनी घसा साफ केला. "पुनवेला मी भरतीला तळ्यावर येतो. तुम्ही आलात तर खोली सोडत नाही. मग जे काय रीतसर करायचं ते तुमच्या घरच्यांना विचारून करू. नाही आलात... तर मी समजून घेईन. पुन्हा दारात येणार नाही."

"चहा घेनार?" मी विचारलं.

"पुनवेनंतर," म्हणाले, आणि गेले.

दोन दिवस मी घरात नुसती फिरत होते. पुनवेला सकाळी जागृती माझ्याजवळ आली आणि हळूच फोन पुढे केला. "आई, भरती अकरा पन्नासला दाखवतंय."

"मला काय करायचंय?"

"नाय... असंच सांगितलं." तिने माझी हिरवी साडी घडी करून खाटेवर ठेवली होती.

मी साडेअकराला बांधावर होते. ते फोन बघणारे, मग मी पण फोनच्याच वेळेला. ऊन होतं, पण वारा गार. तळं रिकामं. नुसत्या चार शेकाट्या लांब पाय उचलत फिरत होत्या. पावणेबारा झाले. बारा. मी पदर नीट केला, पुन्हा नीट केला. सव्वाबारा.

कोणी नाही.

दोनची गाडी म्हणजे माणूस साडेबाराला तरी घरातून निघणार. गेला असेल. भावाने समजावलं असेल, या वयात काय हे... आणि मी, बोनकोड्याची सगुणा, जिच्या पुढ्यात पोरं आवाज चढवत नाहीत, ती हिरवी साडी नेसून भर दुपारी रिकाम्या तळ्यावर उभी. मी मागे न बघता चालायला लागले.

बांधाच्या वळणावर आले आणि डोक्यावरून आवाज गेला. बदकांच्या थव्यासारखा, पण जड. वर बघितलं. खाडीकडून लाल पाखरांची माळ तळ्याकडे चालली होती... एक, मग दुसरी, मग आकाशात जागाच उरली नाही.

मी तिथेच उभी राहिले. पाखरं आत्ता उठली. म्हणजे चिखल आत्ता बुडला. म्हणजे भरती आत्ता कुठे लागत होती, आणि मी माझ्याच खाडीला विसरून मुंबईच्या पाण्याची वेळ धरून बसले होते.

मी वळले. धावले म्हणत नाही, पण चप्पल हातात होती.

जेटीच्या वाटेने हौसेराव येत होते. पँट पोटरीपर्यंत ओली, आणि खांद्याला भरलेली बॅग. बॅग बघून माझा पाय अडला.

"तुम्ही आधीच आलात?" ते धापा टाकत होते. "मी पायरीवर बसलो होतो. तिसरी बुडेपर्यंत हललो नाही. आत्ता बुडली."

"मी फोनवर बघून आले."

"तुम्ही? फोनवर?"

"तुमी फोनवालं म्हनून."

"आणि मी तुमची पायरी धरून बसलो." ते हसले, मग हसू थांबलं. "किती वेळ उभ्या होता?"

"पाऊन तास."

"रागावलात?"

"निघाले होते."

त्यांचा चेहरा उतरला. मी बॅगेकडे बोट केलं. "आनि ही? भरूनच आनलीत?"

"भरली होती. रिकामी करायला किती वेळ लागतोय... तुम्ही सांगा फक्त."

मी सांगणार, तेवढ्यात स्कूटर थांबल्याचा आवाज आला. मितेश. कामाचे कपडे घालून, कामाला न जाता. तो दहा पावलांवर उभा राहिला. हौसेराव माझ्यापासून जरा लांब सरकायला लागले. मी त्यांची बाही धरली.

"मितेश," मी म्हटलं, "शिमग्याला माज्या नावानं बोंब मारायची आसंल तर दुसऱ्यांची वाट कशाला बगायची? नारल पन मीच टाकीन, आनि पयली बोंब पन मीच मारीन. जोडीला नाव कोनाचं घ्यायचं ते आता नीट ऐकून घे. हौसेराव."

मितेश तळ्याकडे बघत राहिला. पाखरं उतरत होती, पाणी लाल होत चाललं होतं. मग त्याने स्कूटरची किल्ली या हातातून त्या हातात घेतली.

"जागृतीनं वालाचं बिरडं केलंय," तो म्हणाला, माझ्याकडे न बघता. "तिनं एक पान जास्त मांडलंय. मी इचारलं कोनासाटी, तर मला गप बसवलं." मग हौसेरावांपुढे हात केला. "बॅग द्या. स्कूटरवर ठेवतो."

हौसेरावांनी बॅग दिली आणि माझ्याकडे बघितलं. निघायची परवानगी विचारावी तसं.

"उबं काय ऱ्हायलात? चला," मी म्हटलं. त्यांची बाही अजून माझ्या मुठीत होती, आणि बोनकोड्याला पोचेपर्यंत मी ती सोडली नाही.