मऊ बाजू

साईटवर त्याला सगळे मीटरसाहेब म्हणत. बांधकामाचा आवाज शेजारच्या घरांत किती जातो ते मोजायचं आणि तो कमी करून दाखवायचा, हे त्याचं काम. आवाज मोजायचा मीटर गळ्यात अडकवून तो दिवसभर फिरे. तो दिसला की कामगार मुद्दाम कुजबुजत बोलत, आणि ही थट्टा त्यालाही आवडायची.

या साईटवर मात्र त्याला हसू येत नव्हतं, कारण कुंपणाला लागून असलेलं पहिलंच घर त्याच्या ताईचं होतं. ताईला लग्नानंतर अकरा वर्षांनी मुलगी झाली होती. तीन महिन्यांची पोर. खांब ठोकायचं यंत्र सुरू झालं की ती पाळण्यात दचकायची, रडून रडून निळी पडायची, प्यायलेलं दूध ओकून टाकायची.

"जगाला शांतता वाटत फिरतोस," ताई म्हणाली, "आणि भाचीच्या उशाशी हा धिंगाणा! तिचं वजन वाढत नाहीये रे. डॉक्टर म्हणतात, झोप मिळालीच पाहिजे."

त्याने ते मनावर घेतलं. कुंपणावर पंधरा फुटी पडदे लावायचे ठरवले. या पडद्यांची एक बाजू जड रबराची असते, दुसरी गोधडीसारखी मऊ. मऊ बाजू आवाज पिते, म्हणून ती नेहमी यंत्राकडे ठेवतात. पण ताईच्या गल्लीत आवाज समोरच्या भिंतीवर आपटून पुन्हा खिडकीत शिरत होता. त्याने पडदे उलटे लावायला सांगितले.

"मऊ बाजू घरांकडे?" मुकादम म्हणाला. "साहेब, उभ्या जन्मात असं कधी लावलं नाही."

"गल्लीत घुमतंय ते पिऊन टाकेल. लावा तुम्ही."

पहिल्याच दिवशी ताईच्या खिडकीतला आकडा अठ्ठ्याहत्तर डेसिबलवरून साठवर आला. पोर दुपारभर झोपली. "गुणाचा रे माझा भाऊ," ताई म्हणाली, आणि त्याची छाती फुगली.

तिसऱ्या दिवशी पंचेचाळीस. पाचव्या दिवशी चौतीस. यंत्र तेच होतं, दणके तेवढेच होते, ताईच्या ओट्यावरचे पेले अजून थरथरत होते. पडद्यांनी फार तर वीस-बावीसने फरक पडतो. मीटर बिघडला म्हणावं, तर चौऱ्याण्णवचा ठरावीक आवाज काढणाऱ्या तपासणीच्या डबीत तो नेमका चौऱ्याण्णव दाखवत होता. इतकं यश त्याच्या गणितात बसेना. तरी त्याने ते कुणाला सांगितलं नाही. आपल्या कामाचं कौतुक कुणाला नको असतं?

आठव्या दिवशी सकाळी तो ताईकडे गेला. न्हाणीघरात नळ सुरू होता. जाड धार बादलीत पडत होती, पण पाण्याचा आवाज येत नव्हता.

"काल हातून ताट पडलं," ताई म्हणाली. अगदी शेजारी असून ती बंद दाराआडून बोलल्यासारखी वाटली. "पायाला लागलं तेव्हा कळलं मला."

"कान दुखतात का?"

"छे! बरंच आहे की. दोन दिवसांत ही एकदासुद्धा रडली नाही."

ती पाठमोरी बसून दुपट्यांच्या घड्या घालत होती. त्याने पाळण्यात डोकावलं.

पोर रडत होती. तोंड उघडं, चेहरा लालभडक, मुठी आवळलेल्या. डोळ्यांतलं पाणी ओघळून कानात साचलं होतं. त्याने मीटर तिच्या ओठांशी नेला. आकड्याच्या जागी नुसती आडवी रेघ आली.

ताईने वळून पाहिलं. "कधीपासून?" असं ती म्हणाली असावी. त्याला फक्त तिचे ओठ हललेले दिसले.

पोरीला उचलून दोघं गल्लीतून पळत मोठ्या रस्त्यावर आली. तिथे सगळं होतं. बसचे हॉर्न, कुणाचं तरी भांडण, ताईचे हुंदके. पोर ताईच्या खांद्यावर जीव तोडून रडत होती आणि तिचं मात्र काही ऐकू येत नव्हतं. इतकी भीती त्याला आयुष्यात वाटली नव्हती.

तो साईटवर धावला.

"पडदे काढा! ट्रकमध्ये घाला आणि इथून घालवा. कुठेही न्या!"

मुकादमाने माणसं कामाला लावली. एक पडदा गुंडाळताना दोन कामगार थबकले. त्यांनी गुंडाळीत हात घालून चाचपलं, एकमेकांकडे पाहिलं आणि ती ट्रकमध्ये टाकली. ते त्याने पाहिलं, पण त्याचं लक्ष ताईच्या घराकडे होतं.

ट्रक गेला. ताई पोरीला घेऊन घरी परतली, मागोमाग तोही आला. न्हाणीघरात नळ वाजू लागला. दाराची कडी वाजली, पाळणा करकरला. ताई पोरीकडे टक लावून बसली.

पोरीने तोंड उघडलं.

काही नाही.

तेवढ्यात फोन आला. ट्रकवाला होता.

"साहेब, गाडीत कुणाचं मूल राहिलंय का?"

त्याने पोरीच्या उघड्या तोंडाकडे पाहिलं.

"दोनदा थांबून सगळं उचकलं. नुसते पडदे आहेत. पण रडतंय, साहेब. तान्हं आहे."

"थांब तिथेच! हलू नकोस. मी येतो."

"थांबलोय. पण आता कमी होत चाललंय. दमल्यासारखं."

ताई पोरीला घेऊन उठली. पोरीचं तोंड अजून तसंच उघडं होतं, जीभ थरथरत होती.

"काय म्हणतोय तो?" ताईने विचारलं.

"झोपलं वाटतं, साहेब," ट्रकवाला हळूच म्हणाला.