केळीच्या पानांचा राक्षस

"बांबू ओला असतानाच वाकव, गेक. सुकला की तो कुणाच्या बापाचं ऐकत नाही."

अजूनही बांबूला हात लावला, की सुदिआर्ताचा तो आवाज कानाशी येतो; आमच्याकडे तरुण मुलीला 'गेक' म्हणतात आणि तरुणाला 'ब्ली'. आमच्या बेटावरच्या उबुद गावातल्या संग्रहालयाच्या अंगणात तो बांबूची मोळी टाकायला आला होता, आणि मी मुलांसमोर आणखी एक कामटी मोडून ओशाळी उभी होते.

"मग ब्ली, तुम्हीच दाखवा की वाकवून."

"दाखवतो. पण गुरुदक्षिणा?"

"पूजेतलं केळं देईन."

"नुसतं केळं?" तो हसला... आणि रोज येऊ लागला.

न्येपीच्या, म्हणजे नववर्षाच्या मौनदिवसाच्या, आदल्या संध्याकाळी राक्षस मिरवायचे आणि मग जाळायचे, ही आमची रीत. पण गेल्या वर्षी त्या राक्षसांमधलं अर्धवट जळलेलं थर्माकोल पाटाच्या पाण्यातून भातखाचरांत उतरलं. मुलांनीच ते टोपल्या भरभरून वेचलं. म्हणून यंदा संग्रहालयानं मुलांच्या हातून राक्षस करून घ्यायचं ठरवलं — नुसता बांबू, रद्दी आणि केळीची सुकी पानं. राख खाचरांत टाकायची. मुलांना शिकवायचं काम माझं.

पावसाची झड आली की आम्ही दोघं राक्षसाच्या पोटात शिरून कामट्या बांधायचो. एकदा त्यानं माझ्या कानामागचं चाफ्याचं फूल सरळ केलं.

"देवाचं फूल आहे ते," मी पुटपुटले.

"मग देवाची माफी मागतो... पण हात मागे घेत नाही."

मिरवणुकीच्या दिवशी दुपारी माझी चौकस विद्यार्थिनी लास्मी राक्षसाच्या कपाळावर शेवटचं पान चिकटवत होती. तिनं अंगठा दाबला, आणि कागदाखाली काहीतरी करकरलं.

"बू गुरू, डोक्यात काय भरलंय?"

मी चाचपून पाहिलं.

"जेवून ये. सगळ्यांना घेऊन ये. उघडून दाखवते."

ती पळाली. सुदिआर्ता शिडीपाशीच उभा होता.

"परवाच्या पावसात त्याचं डोकं भिजून खाली बसलं, गेक. तू रडली असतीस... म्हणून गुपचूप थर्माकोल घातलं."

"जाळल्यावर धूर मुलांच्या नाकात जाईल, ब्ली."

"एका संध्याकाळचा तर धूर! एवढं झाक माझ्यासाठी." मग मान खाली घालून, हळूच — "न्येपी झाली की आई मागणी घालायला येणार आहे तुमच्याकडे."

रोज पहाटे फुलं वाहताना मी हेच मागत होते. आले ते शब्द... पण असे आले.

"आणि मी दाखवलं तर?"

"बिनमुंडक्याचा राक्षस मिरवशील? सगळी आळी हसेल मला. पोरांदेखत मुलाची अब्रू काढणारीला आई सून करेल का?"

"आईचं राहू दे. तू नेशील मला?"

तो कोयत्यानं हातातल्या कामटीची साल सोलत राहिला. मी वाट पाहिली. साल संपली, तशी त्यानं दुसरी कामटी उचलली.

फाटकाबाहेर मुलांचा कलकलाट ऐकू येऊ लागला. मी त्याच्याकडे कोयता मागितला. त्यानं तो दिला — माझ्या बोटाला बोट लागू न देता.

मी कमरेचा शेला आवळला आणि शिडी चढू लागले.